सामाजिक संवेदनाचे मापन आणि छिन्नमनस्कता : 'बरोबर उत्तरा'च्या शोधाचा इतिहास

१

समोरच्या माणसांचे परस्परांशी नाते काय आहे, त्यांचा हेतू कोणता, त्यांच्या मनात राग आहे की संकोच आणि त्या प्रसंगास कोणते संकेत लागू आहेत, हे एखाद्या व्यक्तीस कितपत कळते, ह्याला मानसशास्त्रात सामाजिक संवेदन असे म्हणतात. दोन माणसे बोलत असताना त्यांतील वरिष्ठ कोण, ती एकमेकांशी मोकळी आहेत की अवघडलेली, हे आपण सहसा विचारीत नाही. नजरेने, आवाजाने आणि बोलण्याच्या रीतीने ओळखतो. छिन्नमनस्कता ह्या व्याधीत ही ओळखण्याची शक्ती उणावते, असे शंभराहून अधिक वर्षे सांगितले जात आहे. ती किती उणावते, हा एक प्रश्न. ती मोजावयाची कशी, हा दुसरा. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न होय.

हा प्रश्न मनोविकारशास्त्राचा असता त्यात भाषेच्या अभ्यासकाने का पडावे, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे : उंची मोजावयाची पट्टी माणसाच्या बाहेर असते. सामाजिक संवेदनाची पट्टी मात्र माणसांच्या व्यवहारातूनच घ्यावी लागते. रुग्णाने दिलेले उत्तर चूक ठरविण्यापूर्वी बरोबर उत्तर कोणते आणि ते कोणाच्या अधिकाराने बरोबर, हे ठरवावे लागते. भाषेतील शुद्धाशुद्धतेचा प्रश्न ह्याच जातीचा आहे. ह्या मापनाच्या इतिहासाकडे पाहिले असता बरोबर उत्तराची चार प्रमाणे कालक्रमाने, आणि कधी एकमेकांत मिसळून, पुढे आलेली दिसतात : चिकित्सकाचा स्वतःचा अनुभव, बहुसंख्यांचे मत, कसोटीकाराचा हेतू आणि प्रत्यक्ष वस्तुस्थिती. ह्या चारही प्रमाणांचे गुणदोष पाहिल्यावाचून कसोटीवरील गुणांचा अर्थ लावता येत नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२

एमिल क्रेपेलीनने १८९९ मधील आपल्या पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत 'डिमेन्शिया प्रिकॉक्स' ह्या नावाखाली जी लक्षणे एकत्र केली, त्यांना ऑयगेन ब्लॉयलरने १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हे नवे नाव दिले आणि १९११ च्या आपल्या ग्रंथात त्यांची सविस्तर मांडणी केली. मराठीतील 'छिन्नमनस्कता' हा शब्द ह्याच ग्रीक घटकांचा अनुवाद होय. ह्या शब्दामुळे एका देहात दोन व्यक्ती नांदतात अशी चुकीची समजूत पसरली. ब्लॉयलरला अभिप्रेत होते ते विचार, भावना आणि इच्छा ह्या व्यापारांमधील सांधा निखळणे. भोवतालच्या जगापासून मन आत वळणे हेही त्याने प्रमुख लक्षण मानले आणि त्यासाठी 'ऑटिझम' हा शब्द घडविला. म्हणजे माणसामाणसांतील संबंधाचा बिघाड हा ह्या व्याधीच्या कल्पनेत आरंभापासून होता; परंतु तो निरीक्षणाचा विषय होता, मापनाचा नव्हे.

त्या काळी मापनाचे साधन कोणते होते? पुष्कळ अंशी चिकित्सक स्वतःच. डच मनोविकारतज्ज्ञ ऱ्यूम्के ह्याने १९४१ च्या सुमारास ह्या वस्तुस्थितीला नाव दिले. अशा रुग्णाशी बोलताना अनुभवी चिकित्सकास एक विलक्षण परकेपणा जाणवतो, आपला हात पुढे होतो पण दुसरा हात येत नाही असे काहीसे वाटते, आणि ही भावनाच निदानास साहाय्यभूत होते, असे त्याचे म्हणणे होते. ह्या 'प्रिकॉक्स भावने'तील विपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. मोजावयाचे रुग्णाचे सामाजिक संवेदन. मोजले जाते ते चिकित्सकाच्या सामाजिक संवेदनाने. संपर्क न जुळण्यास दोन बाजू असतात, हे ह्या पद्धतीत गृहीत धरलेले नाही. भाषा, वर्ग किंवा देश ह्यांमुळे आलेला परकेपणा आणि व्याधीमुळे आलेला परकेपणा ह्यांतील भेद तीत कसा करावयाचा, हेही सांगता येत नाही.

३

चिकित्सकाच्या जागी बहुसंख्यांस बसविण्याचा प्रयत्न एका वेगळ्याच दिशेने झाला. चार्ल्स डार्विनने १८७२ च्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथासाठी द्युशेन ह्या फ्रेंच वैद्याने घेतलेली चेहऱ्यांची छायाचित्रे वीसहून अधिक व्यक्तींना, कोणतेही स्पष्टीकरण न देता, दाखविली होती आणि त्यांची उत्तरे कितपत जुळतात ते पाहिले होते. छायाचित्राखालील स्पष्टीकरण अगोदर वाचले म्हणजे भाव अगदी उघड वाटतो, न वाचता पाहिले तर आपणही इतरांप्रमाणेच घोटाळ्यात पडलो असतो, अशी कबुली त्याने दिली आहे. भाव चेहऱ्यावर किती आणि पाहणाऱ्याच्या अपेक्षेत किती, हा प्रश्न असा आरंभीच उपस्थित झालेला होता.

मनोरुग्णांच्या बाबतीत बहुमताचे प्रमाण प्रथम काटेकोरपणे वापरले गेले ते शब्दांच्या क्षेत्रात. केंट आणि रोझॅनॉफ ह्या अमेरिकन संशोधकांनी १९१० मध्ये १०० शब्दांची एक यादी १००० निरोगी व्यक्तींपुढे ठेवली आणि प्रत्येक शब्द ऐकताच सुचलेला पहिला शब्द नोंदवून त्यांची वारंवारता-कोष्टके तयार केली. 'टेबल' म्हटल्यावर 'खुर्ची' सुचणे हे सर्वसामान्य. कोष्टकात कोठेच न आढळणारा शब्द सुचणे हे वैयक्तिक. निरोगी व्यक्तींच्या उत्तरांत अशा वैयक्तिक शब्दांचे प्रमाण सुमारे ७ टक्के, तर २४७ मनोरुग्णांच्या उत्तरांत ते सुमारे २७ टक्के निघाले. येथे बरोबर उत्तर नाहीच. आहे ते फक्त रूढ उत्तर. व्याकरणात ज्याला आपण रूढी म्हणतो तिलाच येथे आरोग्याचे माप केले गेले. हे माप प्रांजळ आहे, कारण ते आपला आधार लपवीत नाही. परंतु त्याचा आधार म्हणजे विशिष्ट देशातील, विशिष्ट काळातील, विशिष्ट भाषा बोलणारा समूह होय, ही मर्यादा विसरता येत नाही.

पुढील तीन दशकांत विचारप्रक्रियेकडे लक्ष वळले. व्हिगॉट्स्कीचा छिन्नमनस्कतेतील विचारावरील निबंध १९३४ मध्ये इंग्रजीत आला. कॅसानिनने संपादित केलेला भाषा व विचार ह्यांवरील लेखसंग्रह १९४४ मध्ये निघाला. त्यात सलिव्हन, कॅमेरॉन, बेंजामिन आदींचे लेख आहेत. ह्याच परंपरेत म्हणींचा अर्थ विचारण्याची पद्धत रूढ झाली आणि १९५६ मध्ये गोरॅमने तिला प्रमाणित कसोटीचे रूप दिले. रुग्ण म्हणीचा वाच्यार्थच सांगत बसला तर त्याचा विचार मूर्त पातळीवर अडकला आहे, असे मानावयाचे. आता म्हण ही शिकून आलेली गोष्ट आहे. ज्याने 'नाचता येईना अंगण वाकडे' लहानपणापासून ऐकले आहे, तो तिचा लाक्षणिक अर्थ विचार करून काढीत नाही. तो त्याला ठाऊकच असतो. ज्याने ती ऐकलेली नाही, त्याला मात्र तो खरोखर शोधावा लागतो. तेव्हा एकच कसोटी एकाची स्मृती आणि दुसऱ्याची बुद्धी मोजते, हा तिचा मूलगत दोष होय.

त्याच १९४४ साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मेरीअॅन सिमेल ह्यांनी केलेला प्रयोग ह्या दोषापासून पुष्कळसा मुक्त होता. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ घरासारख्या चौकटीच्या आतबाहेर फिरताना दाखविणारी त्यांची छोटी चित्रफीत शब्दांवाचून होती. तरीही पाहणाऱ्या जवळजवळ सर्वांनी तिचे वर्णन भांडण, पाठलाग, धाक आणि सुटका अशा मानवी शब्दांत केले. सामाजिक अर्थ आपण केवळ ग्रहण करीत नाही, तो आपण आकृतींवर आरोपितही करतो, हे ह्या प्रयोगाने स्पष्ट झाले. अशा चित्रफिती पुढे छिन्नमनस्कांच्या अभ्यासातही वापरल्या गेल्या. परंतु त्रिकोणाला वस्तुतः राग येत नाही. येथेही बरोबर उत्तर म्हणजे बहुसंख्यांचे उत्तर, एवढाच त्याचा अर्थ.

४

१९७० नंतर ह्या क्षेत्रात यंत्रसाधनांची आणि त्यांबरोबर तिसऱ्या प्रमाणाची, म्हणजे कसोटीकाराच्या हेतूची, भर पडली. एकमन आणि फ्रीझेन ह्यांनी १९७६ मध्ये ११० छायाचित्रांचा संच प्रसिद्ध केला. रॉबर्ट रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७९ मध्ये मांडलेली, 'पॉन्स' ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी कसोटी अधिक महत्त्वाकांक्षी होती. एकाच तरुणीने अभिनीत केलेले २० प्रसंग, प्रत्येक प्रसंग चेहरा, देह, आवाज ह्यांच्या ११ वेगवेगळ्या जुळण्यांतून, असे २२० अल्पकालिक तुकडे तीत आहेत. बोलण्यातील शब्द कळू नयेत म्हणून ध्वनी मुद्दाम गाळून किंवा विस्कळित करून ठेवला आहे. दोन पर्यायांतून एक निवडावयाचा. अभिनेत्रीने जो प्रसंग वठविला तो पर्याय बरोबर. म्हणजे उत्तराचा आधार पाहणाऱ्यांच्या मतावरून दाखविणाऱ्याच्या हेतूवर सरकला.

१९९३ मध्ये पॅट्रिक कॉरिगन आणि मायकेल ग्रीन ह्यांनी छिन्नमनस्क रुग्णांपुढे दोन-तीन व्यक्तींच्या संभाषणाचे आठ चित्रित प्रसंग ठेवून खरे-खोटे स्वरूपाचे प्रश्न विचारले. कोणी काय केले, काय म्हटले ह्या मूर्त खुणा रुग्णांना तुलनेने बऱ्या ओळखता आल्या. भावना, उद्दिष्ट, पाळावयाचे नियम ह्या अमूर्त खुणांत ते अधिक मागे पडले. सामाजिक संवेदन ह्या नावाला साजेसे हे मापन होते.

तथापि एक जुनी अडचण शिल्लक होती. लोरेन आणि जीन चॅपमन ह्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की, ज्याची एकंदर कार्यक्षमताच व्याधीमुळे खालावली आहे, तो कठीण कसोटीवर सोप्या कसोटीपेक्षा अधिक मागे पडणारच. तेवढ्यावरून त्या कसोटीत मोजलेली विशिष्ट शक्तीच बिघडली आहे, असे म्हणता येत नाही. १९९३ मध्येच कर् आणि नील ह्यांनी भावना ओळखण्याच्या कसोटीला तेवढ्याच काठिण्याची, परंतु भावनेशी असंबद्ध अशी कसोटी जोडून पाहिली. दोन्हींवर रुग्ण सारखेच मागे पडले. भावना ओळखण्याचा असा वेगळा दोष त्यांना आढळला नाही. ह्या निष्कर्षावर पुढे वाद झाले. पण ज्या काठिण्याची तुलनाच केलेली नाही, त्या गुणांवरून रुग्णाच्या अंतःकरणाविषयी विधाने करू नयेत, हा धडा त्यातून कायमचा मिळाला.

चौथे प्रमाण, म्हणजे वस्तुस्थिती, हे मार्क कोस्टान्झो आणि डेन आर्चर ह्यांच्या १९८९ मधील कसोटीत स्वच्छ दिसते. तीत अभिनय नाही. ३० वास्तव प्रसंग आहेत. दोन मुले आणि दोन प्रौढ व्यक्ती दिसतात. त्या दोघांचे मूल कोणते? दोन पुरुष नुकत्याच संपलेल्या बास्केटबॉलच्या खेळाविषयी बोलत आहेत, जिंकला कोण? ह्यांना मतावर न अवलंबणारे, खरे उत्तर आहे. अर्थात सर्वच सामाजिक अर्थ अशा प्रश्नांत सामावत नाहीत. एखादे वाक्य उपरोधिक होते की नाही, ह्याचा खेळाच्या गुणफलकासारखा पुरावा नसतो.

५

भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत जवळची वाटावी अशी कसोटी १९९५ मध्ये कॉर्कोरन, मर्सर आणि फ्रिथ ह्यांनी तयार केली. 'हिंटिंग टास्क' ह्या नावाच्या ह्या कसोटीत दहा छोटे प्रसंग वाचून दाखवितात. प्रत्येकाच्या शेवटी एक पात्र आडवळणाने काही सुचविते. उदाहरणार्थ, उन्हातून लांबचा प्रवास करून आलेला गृहस्थ कामाचे बोलणे मध्येच तोडून आपला प्रवास किती तापदायक झाला, एवढेच म्हणतो. त्याला खरोखर काय म्हणावयाचे आहे? 'काहीतरी प्यावयास हवे' हे ओळखले तर दोन गुण. न ओळखल्यास अधिक उघड सूचना देऊन पुन्हा विचारावयाचे आणि मग ओळखल्यास एक.

ज्या सिद्धान्ताला पॉल ग्राइसच्या १९६७ च्या व्याख्यानांनी पाश्चात्त्य भाषाविचारात स्थान मिळवून दिले, त्याचेच हे उपयोजन होय. आपल्याकडील साहित्यशास्त्राचा अभ्यास केलेल्यांना येथे व्यंजनाव्यापाराचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. सूर्य मावळला, एवढ्याच अर्थाचे वाक्य वक्ता, श्रोता आणि प्रसंग पालटताच निरनिराळे व्यंग्यार्थ देते, हे मम्मटाने दाखविले आहे. गुराख्याला ते गुरे परतविण्यास सांगते, मजुराला काम थांबविण्यास. ह्या दृष्टान्तातून कसोटीकाराने घ्यावयाची सूचना अशी की, व्यंग्यार्थ वाक्यात नसतो. तो वाक्य आणि सामायिक जीवन ह्यांच्या संयोगात असतो. जे सामायिक जीवन कसोटीकाराने गृहीत धरले, ते रुग्णापाशी नसेल, तर त्याचे मौन हे लक्षण ठरत नाही.

दुसरीही एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. छिन्नमनस्क व्यक्तीला सूचना कळत नाही, एवढेच वर्णन अपुरे आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कोनराड ह्याने १९५८ मध्ये व्याधीच्या आरंभाचे वर्णन करताना नेमका उलटा अनुभव मांडला होता : भोवतालची प्रत्येक वस्तू अर्थाने भारलेली वाटू लागते, रस्त्यावरच्या अपरिचितांचे हावभावही आपल्यालाच उद्देशून आहेत असे भासते. अर्थ न लागणे आणि अर्थ अतोनात लागणे ह्या दोन विरुद्ध गोष्टी आहेत. पण बहुतेक कसोट्यांत दोहोंनाही सारखेच शून्य मिळते. इसाबेल झिओबेक आणि सहकारी ह्यांनी २००६ मध्ये मुळात ऑटिझमच्या एका प्रकारासाठी तयार केलेल्या चित्रफितीच्या कसोटीत चुकीच्या उत्तरांचेच वर्ग पाडले : हेतूचा अतिरिक्त आरोप, अपुरा आरोप आणि मुळीच आरोप नसणे. चूक कोणत्या जातीची, हे विचारणे किती आवश्यक आहे, ते अशा विभागणीवरून कळते.

६

नव्या शतकात ह्या मापनाला व्यावहारिक निकड प्राप्त झाली. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या 'मॅट्रिक्स' ह्या उपक्रमाचा हेतू छिन्नमनस्कतेतील बोधनात्मक दोषांवरील नव्या औषधांची परीक्षा सर्वमान्य कसोट्यांनी व्हावी, असा होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संचात सात क्षेत्रे होती आणि सामाजिक बोधन हे त्यांपैकी एक. त्यासाठी निवडलेली भावनिक बुद्धिमत्तेची उपकसोटी मात्र बहुमताच्या प्रमाणावर उभी आहे. पुष्कळ लोक ज्या उत्तराकडे झुकतात त्याला अधिक गुण. म्हणजे केंट आणि रोझॅनॉफ ह्यांचे तत्त्व शंभर वर्षांनी पुन्हा अधिकारावर आले. ह्याच संस्थेने २००६ मध्ये भरविलेल्या विचारसभेने सामाजिक बोधनाची पाच अंगे मानली : इतरांच्या मनाचा तर्क, सामाजिक संवेदन, सामाजिक ज्ञान, कारणारोपणाची प्रवृत्ती आणि भावनांची प्रक्रिया.

हे सर्व केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. अॅन-कॅथरिन फेट आणि सहकारी ह्यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. रुग्णांच्या समाजातील वावरात, म्हणजे काम, घर आणि संबंध ह्यांत, दिसणाऱ्या तफावतीपैकी सुमारे १६ टक्के सामाजिक बोधनाने, तर सुमारे ६ टक्के स्मृती, अवधान इत्यादी सामान्य बोधनाने उलगडते, असे त्यांना आढळले. २०१३ मध्ये साव्हला आणि सहकारी ह्यांनी ११२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रुग्ण आणि निरोगी ह्यांमधील सर्वांत मोठे अंतर सामाजिक संवेदनाच्याच अंगात निघाले. ते एका प्रमाण-विचलनाहून किंचित अधिक, म्हणजे १.०४ होते.

ह्यानंतर 'स्कोप' ह्या प्रकल्पाने कसोट्यांचीच परीक्षा घेतली. एमी पिंकम, डेव्हिड पेन आदींनी २०१६ मध्ये १७९ रुग्ण आणि १०४ निरोगी व्यक्तींवर आठ कसोट्या चालवून त्यांची विश्वसनीयता आणि उपयुक्तता पाहिली. सर्वांत भक्कम ठरल्या त्या दोन : हिंटिंग टास्क आणि २१ लघुचित्रफितींवरून भावना ओळखावयास लावणारी 'ब्लर्ट' ही कसोटी. सामाजिक संवेदनाची प्रतिनिधी म्हणून घेतलेली 'रॅड' ही कसोटी मात्र दुबळ्या कसोट्यांच्या वर्गात पडली. अॅलन फिस्केच्या सिद्धान्तानुसार मानवी संबंधांचे चार नमुने असतात : सामायिकता, अधिकार, समतोल देवाणघेवाण आणि बाजारभाव. दोन व्यक्तींचे एका प्रसंगातील वर्तन वाचून दुसऱ्या प्रसंगात ती कशी वागतील, हे 'रॅड'मध्ये ओळखावयाचे असते. ज्या अंगात अंतर सर्वांत मोठे दिसते, त्याच अंगाची पट्टी दुबळी, असा हा पेच आहे. ते मोठे अंतर रुग्णांमधील आहे की पट्टीतील, असा प्रश्न विचारणे म्हणूनच क्रमप्राप्त ठरते.

७

भारतात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी भारतीय नटांच्या मुद्रांवर आधारलेली भावना-ओळखीची कसोटी २००८ मध्ये आणि 'सोक्रॅटिस' ह्या नावाचा भारतीय परिस्थितीला अनुरूप असा कसोटीसंच २०११ मध्ये प्रसिद्ध केला. परक्या कसोटीचे केवळ भाषांतर पुरेसे नाही, ह्याची ही रास्त जाणीव होय. मराठीपुरते बोलावयाचे तर भाषांतरात प्रत्यक्ष काय घडते, हे एका उदाहरणाने पाहू.

पाहुणा रात्री उशिरापर्यंत बसला आहे, यजमान म्हणतात, "शेवटची बस साडेदहाची असते, नाही का?" सूचना स्पष्ट आहे. आता इंग्रजीत पुढील वाक्यात एकच सर्वनाम पुरते. मराठीत मात्र "तुला लवकर उठायचं असेल", "तुम्हांला लवकर उठायचं असेल" किंवा "आपल्याला लवकर उठायचं असेल" ह्यांतून एक निवडावेच लागते. आणि निवडताच दोघांमधील नाते उघड होते. 'रे' किंवा 'हो' एवढ्या एका अक्षरानेही ते होते. ज्या कसोटीचा प्रश्नच नात्याविषयी आहे, तिचे उत्तर मराठी व्याकरण आधीच सांगून टाकते. उलट, निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणे किंवा चहाला प्रथम 'नको' म्हणणे, ह्या संकेतांवर आधारलेला प्रश्न मराठी घरात वाढलेल्यास सोपा, पण परप्रांतीय निरोगी व्यक्तीस अवघड जाईल. काठिण्य असे दोन्ही दिशांनी पालटते. आणि काठिण्य पालटले की चॅपमनद्वयाने दाखविलेली अडचण पुन्हा उभी राहते.

ह्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कोणत्याही कसोटीने आपले बरोबर उत्तर चारांपैकी कोणत्या प्रमाणावर उभे आहे, हे उघड सांगावे. दुसरी, रुग्णाची तुलना त्याच भाषेच्या, त्याच परिसरातील आणि तेवढेच शिक्षण झालेल्या निरोगी व्यक्तींशी व्हावी. तिसरी, चुकीची केवळ संख्या नव्हे, जातही नोंदवावी. ह्या कसोट्यांच्या आधारे औषधे आणि प्रशिक्षणपद्धती पारखल्या जातात. तेव्हा पट्टीतील दोषाची किंमत शेवटी रुग्णालाच मोजावी लागते.

कमी गुण म्हणजे ही व्यक्ती आणि त्या कसोटीमागील समाज ह्यांतील अंतर होय. त्या अंतराचा किती भाग व्याधीचा आणि किती भाग भाषेचा, शिक्षणाचा व रूढीचा, हे वेगळे काढणे हे मापनशास्त्राचे काम आहे. ते केवळ वैद्यकाच्या बळावर होणारे नाही. त्यासाठी ज्या समाजाची पट्टी वापरावयाची, त्याच्या बोलण्याचा अभ्यासही तितकाच आवश्यक आहे.